उतरू दे पाणी

"बंद कर वं ते! माही पानं भिजून राहिली!"

बिड्यांचं सूप पदराखाली झाकून प्रेमलता चिखलातून ओरडत होती. इंदूबाईनं थाळी बडवणं थांबवलं नाही. नाग नदीला मिळणाऱ्या नाल्याच्या वळणावर पहिलं घर तिचं. पाणी धुण्याच्या दगडावर चढलं की तिनं थाळी वाजवायची आणि सगळ्यांनी टेकाडावरच्या विहारात जायचं, असं मागच्या पुरानंतर वस्तीनं ठरवलं होतं.

त्या पावसाळ्यात ती दुसऱ्यांदा वाजली, आणि दुसऱ्यांदाही पाणी आल्या वाटेनं उतरलं.

"इंदूबाईले सपनात पूर दिसते," प्रेमलता म्हणाली. बायका हसल्या. इंदूबाई मान खाली घालून घरी गेली.

भादव्यात एका दुपारी पाणी पुन्हा दगडावर आलं. पुरुष गिरणीत होते. तिला हसणाऱ्या बायका आठवल्या. तरी तिनं थाळी उचलली. बायका कुरकुरत का होईना, निघाल्या. प्रेमलता निघाली नाही. लकवा मारलेली तिची सासू बायजाबाई खाटेवर पडून होती.

"बुढीले तरी नेऊ दे वं," इंदूबाई दारात जाऊन म्हणाली.

"दोनदा नेलं. दोनदा रातभर कण्हली ते. आता नाही हालवत मी तिले."

घटकाभरात पाणी चढलं आणि प्रेमलतेच्या घराची भिंत बसली. प्रेमलतेला दोराला धरून ओढून काढलं. बायजाबाई मात्र गेली.

प्रेमलतेला कोणी बोल लावला नाही. इंदूबाईनं लावला तो स्वतःला. आधी दोनदा उगाच वाजवली नसती, तर तिसऱ्यांदा प्रेमलता उठली असती.

पुढच्या वर्षी पाणी दगडावर आलं तेव्हा ती थाळी आणि उलथनं धरून नुसती उभी राहिली. चढतं की उतरतं, काही कळेना. मागून प्रेमलता भिजत आली.

"काहून उभी राहिली वं?"

"उतरलं तर?"

"उतरू दे."

प्रेमलतेनं तिच्या हातातलं उलथनं घेतलं आणि स्वतःच थाळी बडवू लागली.

वस्ती विहारात गेली, आणि दुपारपर्यंत पाणी उतरलं. बायकांनी सुपं उचलली, पोरं गोळा केली आणि त्या घरी गेल्या. इंदूबाई विहाराच्या ओसरीवर बसून राहिली. सारी ओसरी रिकामी होती, तरी प्रेमलता तिच्यापाशी येऊन म्हणाली, "सरक वं थोडी," आणि तिला खेटून बसली.