दोन दशांशांची दृष्ट

कदिरवेलच्या ओसरीत पाऊल ठेवायला जागा नव्हती. कोइमतूरच्या आमच्या गल्लीतले निम्मे टर्नर-फिटर दांडी मारून आले होते, कारण मठातले वेलप्प सामी मशीनची दृष्ट काढणार होते. टेबलावर मावणारी, कॉम्प्युटरच्या हुकमाने धातू कापणारी ही मिलिंग मशीन कदिरवेलने हौसेने, दोन वर्षं खपून घरीच जुळवली होती.

त्याची मुलगी याळिनी पायाला आधाराचा धातूचा कॅलिपर बांधून चालते. कॅलिपरच्या गुडघ्यातला ठोकळा झिजला होता आणि बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती. ठोकळा बरोबर वीस मिलिमीटर जाड हवा. दसऱ्याच्या आयुधपूजेपासून कदिरवेलचा प्रत्येक ठोकळा दोन दशांश मिलिमीटर कमी येत होता. तेवढ्यानेही गुडघा डुगडुगायचा. पोरगी जिन्यात दोनदा पडली, दुसऱ्यांदा डोक्यावर.

मी आयटीआयचा निवृत्त मास्तर, त्याचा शेजारी. आम्ही स्क्रू आवळले, कटर बदलला, प्रोग्राम नव्याने लिहिला. दहा ठोकळे वाया गेले. शेवटी कदिरवेल माझ्यासमोर रडला आणि दुसऱ्या दिवशी सामींकडे गेला. त्याला अडवायला मला तोंड नव्हतं.

"यंत्रालाही जीव असतो, बाळांनो," सामी सांगत होते. "त्याला शिकलेल्या शेजाऱ्याची नजर लागते."

सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले.

सामींनी ताजा ठोकळा मोजून घेतला. एकोणीस पूर्णांक आठ. मग मंत्र पुटपुटत त्याला ओलं भस्म फासलं, पंख्याखाली वाळवलं आणि जाडी मोजायचा व्हर्नियर कदिरवेलच्या हातात दिला.

"वीस," कदिरवेल म्हणाला. लोकांनी हात जोडले.

"हा एक सुधारला. मशीन मात्र मठात येईल. घरात ठेवलीस तर पोरीच्या दुसऱ्या पायावर बेतेल."

"घेऊन जा, सामी."

सामींचे दोन शिष्य मशीनचे बोल्ट सोडायला लागले. तेवढ्यात याळिनी भिंत धरत पुढे आली.

"आधी ठोकळा द्या. पाय माझा आहे." तिने अर्ध्या साडीच्या पदराने तो पुसला. "अप्पा, आता मोजा."

"भस्म पुसायचं नसतं, मुली."

"भस्मासकट गुडघ्यात कसा बसवू, सामी? तिथे तेल लागतं."

एकोणीस पूर्णांक आठ. व्हर्नियरने भस्मही मोजलं होतं. मागून कुणीतरी हसलं. सामी म्हणाले, यंत्र रुसलं. पण शिष्यांनी हत्यारं गुंडाळली आणि तिघेही निघून गेले.

ठोकळा कमीच होता. कदिरवेल मटकन खाली बसला. "आता कुणाकडे जाऊ, मास्तर?"

मला माझीच लाज वाटत होती.

"वर काही लावलं तर माप वाढतं," याळिनी म्हणाली, "मग खाली काही लागलं असेल तर?" ठोकळा पकडायच्या व्हाइसच्या तळावरून तिने बोट फिरवलं. "इथे खरखरीत लागतंय."

तेल आणि चुऱ्याखाली चंदनाचे दोन टिळे वाळून कडक झाले होते. ठोकळा त्यांच्यावर बसून उंच व्हायचा. कटर उंची धरायचा तळापासून, म्हणून वरून तेवढंच जास्त कापायचा. आयुधपूजेचा टिळा आमच्याकडे कुणी पुसत नाही. रोज ब्रश फिरायचा तो चुऱ्यापुरता.

ते टिळे मीच लावले होते. देव न मानणारा मी, कदिरवेलला बरं वाटावं म्हणून.

तळ खरवडून बारावा ठोकळा कापला. वीस भरला. संध्याकाळी याळिनी जिना चढून गच्चीवर गेली, कठड्याला हात न लावता. कदिरवेल खाली दोन्ही हात पसरून उभा होता.

कुणी चमत्कार दाखवला तर भांडू नका. पुसा आणि पुन्हा मोजा. आणि स्वतःला शहाणं समजत असाल, तर आधी आपण लावलेलं पुसून बघा. मी ते केलं नाही, आणि पोरगी दोनदा पडली.