शरणम्माचा हात आणि महाराजांचं तीर्थ

निजामी अंमलातली गोष्ट. भूमच्या आठवडी बाजारात लिंबाखाली ही गर्दी उसळली होती. एक महाराज काडीनं लोकांच्या चामखिळींवर काळपट तीर्थ लावत होते. चामखीळ म्हणजे मागल्या जन्मीचं पाप. पुण्यवानाची गळेल, पाप्याचं अंग उतेल, फोडांनी भरेल, असं ते सांगत. म्हणजे काहीही झालं तरी महाराज खरेच!

गावातल्या बंडप्पांची सून शरणम्मा हिनंही हातावरच्या चामखिळींना तीर्थ लावून घेतलं. तिचा हात चौथ्या दिवशी फोडांनी भरला. पुढच्या बाजारी महाराजांनी चारचौघांत तिला कुलटा ठरवलं आणि बंडप्पांनी तिची गोठ्यात रवानगी केली.

धुतलेले कपडे द्यायला आलेल्या धुरपताबाई परटिणीनं तो हात पाहिला. फोडांभोवतीचा काळा डाग तिच्या रोजच्या ओळखीचा होता. कुठलं धोतर कुणाचं हे कळावं म्हणून ती कपड्यांवर बिब्ब्याच्या तेलानंच खुणा करी. नवखेपणी तिचीही बोटं अशीच उतली होती. तिनं शरणम्माला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी फोडांवर मलम दिलं आणि धुरपताबाईनं विचारलेलं सगळं नीट समजावून सांगितलं.

त्यानंतरच्या बाजारी धुरपताबाई महाराजांपुढं उभी राहिली. फडक्यावर तीर्थ घेतलं, वर चुना चोळला, साबणानं खसाखसा धुतलं. डाग जास्तच पक्का झाला, तिच्या कपड्यांवरच्या खुणांसारखा.

"हा बिब्बा हाय," ती म्हणाली. "महाराज, तुमी पुण्यवान. लावा तुमच्या गालाला."

महाराज देवाच्या कोपाचं बोलू लागले. लोकही तिच्यावरच गुरकावले. सगळी तिचीच गिऱ्हाइकं. तरी ती हलली नाही.

"चामखीळ न दिसणाऱ्या जंतूनं व्हते," ती म्हणाली. "त्यो वरच्या कातडीत दडून बसतो, अंगाला पत्ताच लागत न्हाय. कातडी भाजली की अंगातले राखणदार तिकडं धावत्यात, कवा कवा त्याला हुडकून मारत्यात. लई चामखिळी तर आपसूक जात्यात. बिब्बा कुणाला सोसतो, कुणाला न्हाय. त्यात पाप कुठं आलं?"

तिनं पुन्हा फडकं पुढं केलं. महाराजांनी गाल पुढं केला नाही, झोळी उचलली.

बंडप्पा सुनेला घरात बोलवायला गोठ्यात आले. शरणम्मा उठली नाही.

"मामंजी, बोल बाजारात लागला," ती म्हणाली. "तिथंच पुसा."

आणि बंडप्पांना पुढच्या बाजारी सगळ्यांदेखत चूक कबूल करावी लागली. फोड बरे झाल्यावर डॉक्टरांनी दुसरं औषध दिलं. त्यानं चामखिळीची टणक कातडी थराथरानं मऊ होऊन निघाली. तीन महिन्यांत हात स्वच्छ झाला.

दुखणं अंगाचं असतं, चारित्र्याचं नसतं. औषधात काय आहे ते विचारा. जो सांगत नाही, त्याच्यापुढं हात धरू नका.