चौथी हाक

भिवाजी पट्टेवाल्याची हाक कोर्टाच्या पडवीतून सुटली की बाजारातल्या कोंबड्या फडफडतात, असं कर्जतात म्हणायचे. पडवीतल्या खांबाआडच्या सावलीत उभं राहायचं, नाव तीनदा पुकारायचं, मग आत जाऊन मुनसफसाहेबांना 'हाजिर' नाहीतर 'गैरहाजिर' सांगायचं. बावीस वर्षं त्याचं हेच चाललेलं. त्याच्या सहावीतल्या पोरीचं, आवडीचं, मात्र तेवढ्यावर भागत नसे.

"बाबा, तीनदाच का पुकारायचं?"

"कायदा हाय."

"पण दोनदा का नाही? पाचदा का नाही?"

"तुझ्या 'का'ला शेंडा ना बुडखा! आईनं दूध पाजायचं सोडून तुला कुतूहल पाजलं वाटतं."

त्या शनिवारी शाळा सकाळची होती. भाकरीचं फडकं घेऊन आवडी कोर्टात पोचली, तर बापाचं कपाळ आठ्यांनी भरलेलं.

"त्या जिजा ठाकरणीची आज तिसरी तारीख," तो म्हणाला. "मागल्या दोन्ही तारखांना पुकारलं, आली नाय. आज नाय आली तर निकाल एकतर्फी. मग कशेळ्यावरची तिची नाचणीची वरकस जमीन गेली त्या दावा लावणाऱ्या पदूशेठच्या घशात, वर आंब्याची सात झाडंपण."

"येत का नसेल?"

"डोंगरातली माणसं. त्यांना तारखेची काय किंमत?"

एवढं बोलून तो खांबाआड गेला आणि त्यानं छाती फुगवली. "जिजा भ्रतार वाघ्या ठाकर, हाजिर हो ऽऽऽ!"

आवडी पायरीवर बसून समोरच्या चिंचेखालची माणसं न्याहाळत होती. तिथे गुडघ्यापर्यंत लुगडं खोचलेली एक म्हातारी उकिडवी बसली होती. पायांवर धुळीचा असा थर, की दोन-तीन डोंगर तरी तिनं तुडवले असावेत. हाक आली तशी तिनं करंगळी मुडपली. दुसऱ्या हाकेला शेजारचं बोट. तिसरीला मधलं. मग चौथं बोट ताठ धरून, अर्ध्यावर उठून, ती पडवीकडे कान देऊन राहिली.

भिवाजी आत निघून गेला. म्हातारी मटकन खाली बसली.

आता आवडीला कोण धरून ठेवणार? ती थेट चिंचेखाली.

"आजी, तुमचं नाव काय?"

"जिजा."

"अहो, मग तुम्हालाच हाक मारली की!"

"मारली तर. ऐकू येतं मला. तीनदा मारली. चवथी कुठं मारली?"

"चौथी कशाला हवी?"

म्हातारीनं तिच्याकडे असं पाहिलं, जणू या शहाण्या पोरीला आयबापानं काहीच शिकवलं नाही. "पोरी, रानात तोंड न दावता हाक मारतं, ते काय माणूस असतं? ते आपल्या नावानं बोलावतं. ओ दिली की गेलो. पण त्याला तीनच हाका येतात. माणसाला काम असलं तर चवथी मारतंच की. तो खांबाआडचा दोन खेपा झाल्या, तीनदा वरडतो नि पळतो. मी दिस मावळेस्तोवर बसते नि घरला जाते."

आवडीचे डोळे चमकले. पण आत 'गैरहाजिर' लिहायला लेखणी शाईत बुडालीही असेल! ती पडवीत धावली. भिवाजी दारातच होता.

"बाबा, चौथी हाक मारा! ती आलीय, बाहेर बसलीय!"

"तीन म्हणजे तीन. माझी नोकरी घालवतेस काय गं?"

तेव्हा आवडी पायऱ्या उतरली, उन्हात उभी राहिली, आणि बापाचाच गळा तिच्यातून बाहेर पडला. "जिजा भ्रतार वाघ्या ठाकर ऽऽऽ!"

"ओ ऽऽऽ!"

ही ओ एका डोंगरावरून दुसऱ्यावर जाणारी. आतले वकील उठून खिडकीशी आले.

मुनसफसाहेबांनी तिघांनाही आत घेतलं. भिवाजी पट्ट्याचं पितळ बाहीनं पुसत राहिला. जिजानं मात्र घरी सांगावं तसं सगळं सांगितलं. पदूशेठचे वकील हसले. "साहेब, उद्या भुतांनाही समन्स काढावं लागेल."

"काढा की," जिजा म्हणाली. "पर तीनदा नका पुकारू. त्यांच्या घरचंच कुणी बोलवतंय समजून खरंच येतील."

साहेबांनी हसू मिशीखाली दाबलं. "भिवाजी, तीनदाच पुकारायचं हे कुठं लिहिलंय?"

"कायद्यात, साहेब."

साहेबांनी जाडं पुस्तक पुढं ओढलं. पानं उलटली, पुन्हा उलटली. आवडी टाचा उंचावून बघत होती. त्यांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकुनानं छताकडे पाहिलं.

"तुला कुणी सांगितलं?"

"माझ्या आधीच्या पट्टेवाल्यानं, साहेब," भिवाजी खाली मान घालून पुटपुटला. "त्याला त्याच्या आधीच्यानं."

"म्हणजे हिला हिच्या वाडीनं सांगितलं, तुला तुझ्या पडवीनं." साहेबांनी मागच्या दोन्ही तारखांवरचं 'गैरहाजिर' एका रेघेनं खोडलं. "बोला जिजाबाई. जमीन कुणाची?"

"सासऱ्यानं दगड येचून केलेली. दगड अजून बांधावर हायेत. तुमी चला, दावते एकेक."

"येऊ," साहेब म्हणाले, आणि कारकुनाला जागेच्या पाहणीची तारीख लिहून घ्यायला सांगितली. पदूशेठचे वकील घाईनं आपले कागद चाळू लागले.

भिवाजी बाहेर आला. त्यानं पोरीकडे रागानं पाहिलं, पण तो राग काही धड जमेना. पुढचा कागद घेऊन तो खांबाआड गेला. "मंगळ्या वलद लडकू ठाकर, हाजिर हो ऽऽऽ!" एकदा. दोनदा. तीनदा.

कुणी उठलं नाही. भिवाजी आत वळला, थांबला. पोरगी टक लावून बघत होती.

"काय बघतेस गं? बघत्येय मेली!" असं पुटपुटत तो पायऱ्या उतरला, पागोटं मागं सारून उन्हात तोंड दाखवलं आणि चौथ्यांदा पुकारलं.

कुंपणापाशी बसलेला एक म्हातारा काठी टेकत उठला.

"ओ ऽऽऽ!"