लाट गिळणारी काळी लादी

मी एक जुनी काळी लादी आहे. कोपरा तुटलेली, ओरखड्यांनी भरलेली. पण मित्रांनो, कीव करायला येणार असाल तर येऊ नका. मी अजून कामावर आहे!

माझा जन्म रबराच्या कारखान्यात झाला. मिश्रणवाल्या काकांनी मऊ रबरात काजळी आणि लोखंडाची पिठासारखी भुकटी मळली. "काजळी विजेला धरते, लोखंड चुंबकाला. दोघांच्या तावडीतून लाट सुटत नाही," असं ते आपल्या लेकीला सांगत. मग गरम दाबाखाली मी चपटी झाले आणि माझ्यासारख्या अनेकींबरोबर एका चाचणीच्या खोलीत भिंतीवर चिकटले.

तिथे इस्पितळातली यंत्रं तपासायला येत. मोबाइलमधून निघतात तशा सूक्ष्म लहरी, म्हणजे काकांच्या त्या लाटा, त्यांच्यावर सोडायच्या आणि यंत्र डगमगतं का ते पाहायचं. भिंतीवर आपटून लहर मागे फिरली, तर चाचणी खोटी ठरते. म्हणून ती गिळायचं काम आमचं. तिची किंचित ऊब होते, बस्स. सुरुवातीला पाहुणे आमच्यावरून हात फिरवत. पुढे आमच्याकडे कोणी ढुंकूनही पाहीना.

पंधरा वर्षांनी नवे साहेब आले. "काय ही कळकट भिंत! उतरवा सगळं. छान करड्या लाद्या मागवल्यात."

चाचणी घेणाऱ्या ताई म्हणाल्या, "साहेब, त्यात नुसता रंग आहे हो. आत काहीच नाही."

"तुम्हाला जुन्याचा फारच पुळका!"

आम्हाला पहारीने उचकटलं. माझा कोपरा तेव्हाच गेला. आमचा ढीग दाराबाहेर पडला.

त्याच आठवड्यात तान्ह्या बाळांच्या श्वासावर लक्ष ठेवणारं यंत्र आलं आणि झटक्यात पास झालं. साहेब खूश. "करा सही. गाडी खोळंबलीय."

ताईंनी यंत्र हातभर पुढे सरकवलं. पडदा गोठला. मागे घेतलं, पुन्हा सुरळीत.

"परतलेल्या लाटांनी कुठे जोर वाढतोय, कुठे उतरतोय. मी सही करणार नाही."

"मग मी करतो!"

"करा. कारण मात्र मी लेखी देणार. त्या पाळण्यात कोणाचं तरी लेकरू असणार आहे, साहेब."

साहेबांचं पेन कागदावर टेकलंच नाही.

करड्या लाद्या निघाल्या. ताईंनी बाह्या सरसावून आम्हाला एकेक करून चिकटवलं. साहेब डिंकाचा डबा धरून उभे होते. पुन्हा चाचणी झाली. यंत्र आता आधीच्या जागीही गोठलं! परतलेल्या लाटांमुळे तिथे उतरणारा जोर आता पुरता लागत होता. बनवणाऱ्यांनी ते परत नेलं, आतल्या तारांना नीट कवच घातलं. महिन्याने आणलं, तेव्हा कुठेही ठेवा, पडद्यावरची रेघ चालूच.

मित्रांनो, जुनी म्हणून मला जपा, असं मी मुळीच म्हणणार नाही. माझी परीक्षा घ्या. कमी पडले तर खुशाल फेका. पण केवळ रूप बघून कोणालाही मोडीत काढू नका. आधी त्याचं काम मोजा. मी तयार आहे. सोडा लाट!