एका बाळंतपणाचा खर्च

सन एकोणीसशे अडतीस. बेळगावचा उपेंद्र निपाणीकडच्या एका लोकल बोर्डात हिशेबनीस होता. काटकसरीचा ठराव झाला, तसं अध्यक्ष मारुतीरावांनी त्याला फर्मावलं, "प्रसूतिगृहात एका बाळंतपणाला काय पडतं ते काढा. जड असेल तर बंद करू."

आकडा आला बारा रुपये. उपेंद्रला तो पटेना, म्हणून तो स्वतःच तिथं गेला. दोन खोल्या, दोन खाटा आणि एकटी मनुबाई सुईण, कात्री उकळत बसलेली.

"आक्का, औषधं, कापूस वेळेवर येतो ना?"

"कुठला, साहेब! कापूस माझ्या पदरचा. बोर्डाकडनं वरीसभर काय बी आलं न्हाय."

"बाळंतपणं किती झाली?"

"एकशेचार. एक बी बाई दगावली न्हाय."

कचेरीत परतून त्याने एकेक पावती उलटली. प्रसूतिगृहाच्या खात्यावर मारुतीरावांच्या मोटारीचं पेट्रोल होतं, दोन टायर होते, ड्रायव्हरचा पगारसुद्धा होता. ते वगळलं तर बाळंतपण पडत होतं तीन रुपयांना. 

सभेत त्याने दोन्ही आकडे खणखणीत वाचले. कुणी दचकलंसुद्धा नाही. मारुतीराव पान चघळत म्हणाले, "आकडा मागितला होता, उपेंद्रराव. पंचनामा नव्हे." बंद करण्याच्या बाजूने सगळे हात वर गेले. मेंबर ज्योतिबाचाही गेला. गेल्याच महिन्यात त्याच्या सुनेला मनुबाईने मरणाच्या दारातून ओढून आणलं होतं.

मनुबाईला घरी बसवलं. दोन महिन्यांत एक अडलेली बाई बैलगाडीतून निपाणीला नेताना वाटेतच गेली, पोटातल्या जिवासकट. बोर्डाने दुखवट्याचा ठराव केला. सगळे मिनिटभर उभे राहिले, खुर्च्या करकरल्या, चहा आला.

"पुढचा विषय," बशीत चहा ओतत मारुतीराव म्हणाले. "मुलींची शाळा. दर मुलीमागे खर्च काय येतो, काढा."

पेट्रोल आता शाळेच्या खात्यावर टाकलं जात होतं. पावत्या उपेंद्रने सकाळीच पाहिल्या होत्या.

"मोटार वगळून काढू, की धरून?" त्याने विचारलं.

ज्योतिबा फिसकन हसला. मग सगळेच हसले, अगदी घरच्यासारखे. त्या हसण्यात आपल्यालाही धरलंय हे उपेंद्रला कळलं. पुढ्यातला चहा तसाच ठेवून तो उठला. बाहेर येऊन कचेरीच्या पायरीवर भर दुपारी, माणसांदेखत थुंकला. राजीनामा त्याने टपालाने पाठवला.