होमारूचा खांदा

कट्कन आवाज झाला आणि होमारूचा उजवा हात मिझोबुचींच्या मुठीत राहिला. बाकीचा यंत्रमानव टेबलावर पालथा पडला.

"हाही गेला," मिझोबुची म्हणाले. खेळण्यांच्या त्या कंपनीत ते खातेप्रमुख होते. तुटका हात त्यांनी बशीतल्या इतर हातांशेजारी ठेवला. "काल नमुने खेळायला देतो त्या मुलांच्या खोलीत एक पोरगी रडायलाच लागली, फुमिए-सान. तिला वाटलं, तिनंच मोडला."

फुमिए निशिगोरीने बशीकडे पाहिलं. सगळे हात एकाच जागी तुटले होते, खांद्याच्या खुंटीपाशी.

होमारूला तीन रूपं होती. उभा केला की यंत्रमानव, दुमडला की आग विझवायचा बंब, उलगडून वळवला की हेलिकॉप्टर. बंबाची शिडी आणि हेलिकॉप्टरचा पंखा, दोन्हींचा भार खांद्याच्या त्याच खुंटीवर. रूप पुरतं बदललं की खुंटी खाचेत बसायची आणि बोटांना एक बारीक ठोका जाणवायचा. तो हलका असला तर शिडी लोंबते, जड असला तर लहान मुलाच्या हातात खांदा तुटतो. या दोन्हींच्या मधली जागा केसाएवढी असते. ती आहे की नाही हे सांगणं, एवढंच फुमिएचं काम. कंपनीत ताण मोजायचे काटे होते. पण काट्याने आकडा सांगायचा आणि निकाल फुमिएच्या अंगठ्याने द्यायचा, अशी तिथली रीत पडून गेली होती. ती डोळे मिटून खेळणं तिन्ही रूपांतून फिरवी आणि मग एकच शब्द बोले, "बसलं." साचेवाला टोपी काढून वाकून नमस्कार करी. त्यानंतरच चहा येई.

होमारूच्या वेळी तो शब्द आला नव्हता. "ठोका लागत नाही. अजून घासा," असं ती म्हणाली होती, पुन्हा नमुना आला तेव्हाही तेच म्हणाली होती. साच्याचं पोलाद घासलं की त्यातून निघणारी खुंटी जाड होते आणि खाच घट्ट बसते. पण घासलेलं पोलाद परत येत नाही. डाग देऊन भरलं तरी इतक्या बारीक जागी ते टिकत नाही.

"साचेवाले उसामी-सान सकाळीच येऊन गेले," मिझोबुची म्हणाले. "योकानच्या गोड वड्यांचा डबा घेऊन. काय वाकले हो! मलाच अवघडल्यासारखं झालं. म्हणाले, हात घसरला, जास्त घासलं गेलं."

"उसामी-सानचा हात घसरला?"

"वय झालं. चष्म्यावर भिंग लावून बसतात बिचारे. होमारू बंद करायचा ठरलंय. आणि यापुढचे साचे समुद्रापलीकडे. तसंही वरच्यांना निमित्तच हवं होतं."

फुमिए उठली. तिला राग आला होता. नाकागावा नदीच्या बांधामागच्या त्या गल्लीत पूर्वी घरोघरी साचे व्हायचे. आता उसामींचं एकच यंत्र उरलं होतं. होमारूचा साचा तरी इथेच होऊ द्या, म्हणून तिने वरच्यांपाशी शब्द टाकला होता. तो साधला असता तर पुढची कामंही आली असती. आणि या माणसाने हात घसरू दिला.

उसामींचा कारखाना म्हणजे त्यांच्या घराचाच खालचा भाग. दार सरकवताच उसामींची बायको किनु म्हणाली, "आल्या! मी म्हटलंच होतं, आज येणार. चपला नीट काढा हो, रागात माणूस दुसऱ्याच्या घालून जातो."

तोकुजी उसामी डोक्यावर टोपी घालून बसले होते. पुढ्यात काम नव्हतं. "बसा, फुमिए-सान. उभ्याने दिलेल्या शिव्या अंगी लागत नाहीत."

"मी थट्टेला आले नाही. सांगितलं तेवढंच घासायचं, ही साधी गोष्ट. तुम्हाला मी शिकवायची?"

"हात घसरला."

"तुमचा हात घसरत नाही. इतकी वर्षं बघतेय मी."

"मग आता बघा. घसरला."

किनुने चहा ओतला. बिनकानाचा मातीचा पेला फुमिएने बोलता बोलता मुठीत धरला. "माझा शब्द गेला, ते जाऊ द्या. पण हे यंत्र गेलं. गल्ली गेली. एका खाचेपायी—"

"अहो, ठेवा तो! ठेवा आधी!" किनु ओरडली. "आत्ता उकळतं ओतलंय!"

फुमिएने पेला खाली ठेवला. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, तिन्ही लालभडक झाली होती. चुरचुरत होती ती फक्त करंगळी.

ती हाताकडे पाहत राहिली. अंगठ्यावर इस्त्रीचा एक फोड होता. दुखत नाही म्हणजे बरा झाला, असं ती धरून चालली होती. तो बरा झाला नव्हता. परवा ब्लाउजची बटणं डोळ्यांनी बघून लावावी लागली होती. तेव्हा तिने बटणांना दोष दिला होता.

ठोका होता. बोटांपर्यंत पोचला नव्हता.

तिने वर पाहिलं. किनु ओलं फडकं आणायला धावली होती. उसामी मात्र तिच्या हाताकडे पाहतच नव्हते. ते टेबलाच्या कडेवरून नख फिरवत होते.

"तुम्हाला माहीत होतं," फुमिए म्हणाली.

"चहा निवू द्या."

"कधीपासून?"

"पहिल्यांदा 'लागत नाही' म्हणालात तेव्हाच. मला इथे, टेबलाच्या या बाजूला ऐकू आला होता ठोका."

"मग बोलला का नाहीत?"

उसामींनी टोपी थोडी मागे सारली. "काय बोलू? जन्मभर ज्या हाताचं ऐकलं, त्याला एकदम खोटं पाडू? वाटलं, माझाच कान वाजला असेल. म्हणून घासलं. दुसऱ्यांदाही घासलं."

"मी सांगत होते, तोंड उघडा," फडकं बांधता बांधता किनु म्हणाली. "पण दोघं सारखेच. एकाला कळत नाही, दुसरा बोलत नाही."

"उद्या कंपनीत सांगते मी."

"सांगा," उसामी म्हणाले. "पोलाद काही उगवायचं नाही."

दुसऱ्या दिवशी मिझोबुचींनी तिचं सगळं बोलणं ऐकून घेतलं. मध्येच उठून त्यांनी दार लावलं.

"फुमिए-सान, उसामींची माफी वर गेली. वरच्यांनी ती स्वीकारली. स्वीकारलेली माफी परत कशी करायची? त्या म्हाताऱ्याचाच अपमान तो."

"मग माझीही घ्या."

"एका चुकीच्या दोन माफ्या? उद्या विचारतील, यांनी गेल्या वर्षी पास केलेल्या खेळण्यांचं काय? ती घराघरांत गेलीत." ते हळू आवाजात बोलत होते, एखाद्या आजारी माणसाशी बोलावं तसे. मग त्यांनी खणातून एक नवा नमुना काढून तिच्यापुढे ठेवला. "हा बघून ठेवा. घाई नाही."

तिने त्याला हात लावला नाही. "मला आता कळत नाही."

"दुपारी कळेल," मिझोबुची म्हणाले आणि कामाला लागले.

यंत्र न्यायला भंगारवाला आला त्या दिवशी फुमिए गल्लीत गेली. दोरखंड बांधून यंत्र ट्रकवर चढवलं होतं. मागोमाग साचाही गेला, तेल लावून जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला. भंगारात जाणाऱ्या पोलादाला तेल कशाला लावायचं, असं भंगारवाल्याने विचारलंही. उसामी म्हणाले, "सवय."

ट्रक सुरू झाला तेव्हा ते आत गेले आणि एक होमारू घेऊन आले. रंग न दिलेला, करडा. साच्यातून निघालेला अगदी पहिला नमुना, काही घासायच्या आधीचा.

"हा राहिला होता," ते म्हणाले.

फुमिएने तो घेतला. डोळे मिटले. हात दुमडले, पाय आत सरकवले, शिडी वर आणली. बंब झाला. बोटांना काही कळलं नाही. तिने पुन्हा उलगडला, पंखा वळवला. काहीच नाही. किनु दारात उभी होती. तिने मान वळवून घेतली.

मग फुमिएने खेळणं उचलून कानाखाली, जबड्याच्या हाडाला टेकवलं. लेकराने बाहुली गालाशी धरावी तसं ते दिसत होतं, आणि गल्लीतून जाणारा सायकलवाला वळून पाहत होता. तिने खांदा सावकाश फिरवला.

ठोका आला. हाडातून सरळ आत आला. हलका नाही, जड नाही. तिने तिन्ही रूपं फिरवून पाहिली. प्रत्येक वेळी आला.

ट्रक बांधाच्या वळणावर दिसेनासा झाला होता.

"बसलं," ती म्हणाली.

उसामींनी टोपी काढली आणि वाकून नमस्कार केला.