बुधवारचा हंस

हे झालं १९८२ सालच्या डिसेंबरात. वाशीतली आमची सोसायटी तेव्हा नवीकोरी होती. मी जवळच्याच शाळेत शिकवत होते आणि येत्या जूनमध्ये कायम होईन, असं मुख्याध्यापिका दुर्गाबाईंनी सांगून ठेवलं होतं. तोवर रजा मोजूनच घ्यायच्या, हेही बजावलं होतं.

शेजारी जयप्रकाश राहायचे. मूळचे मंडणगडकडचे, सरकारी कचेरीत कारकून. त्यांना पक्ष्यांचा नाद होता. मुंबईच्या एका पक्षिमित्र मंडळाचे ते सभासद होते. मंडळात बहुतेक डॉक्टर, वकील, मोटारवाले. उसनी दुर्बीण घेऊन हिंडणारे हे एकटेच. दोन वर्षं ते नोंदी पाठवत होते, पण मंडळाच्या पत्रकात त्यांचं नाव एकदाही आलं नव्हतं. दुर्मिळ पक्षी असेल तर दोघांच्या सह्या लागत, आणि यांच्याबरोबर चिखल तुडवायला दुसरं कोण जाणार?

एका मंगळवारी जासईच्या मिठागरावरचा हिरामण त्यांच्या कचेरीत दाखला काढायला आला. जाता जाता म्हणाला, "सायेब, आमचे मिठागरान एक धवला बदक आयलाय. येवरा मोठा! मान बगा तर हातभर हाय."

संध्याकाळी जयप्रकाश आमच्या दारात. "अरविंदराव, उद्या सकाळी येता का? साक्षीदार हवा."

"बदक बघायला रजा टाकू?" आमचे हे हसले. "साहेब मलाच मिठात घालेल. हिला न्या."

मी 'ताप आहे' अशी चिठ्ठी लिहून यांच्या हाती शाळेत पाठवली. लबाडी केल्यासारखं वाटलंच नाही, गंमत वाटली.

जासईला बसमधून उतरलो तेव्हा धुकं होतं. हिरामण बांधावर उभा होता. "बाय, चपला काढा, नायतर घसरून मिठान बसाल," म्हणाला. आम्ही अनवाणी निघालो. तिसऱ्या कोंडीपाशी, म्हणजे मिठाच्या वाफ्यापाशी, जयप्रकाश थांबले आणि दुर्बीण माझ्या हातात दिली.

"मी काही सांगणार नाही, ताई. तुम्हाला काय दिसतं ते सांगा. मी लिहितो."

मी सांगत गेले. पांढराशुभ्र. बदकाच्या चौपट. मान सरळ उभी. चोच पिवळी, टोकाला काळी. ते वहीत उतरवून घेत होते. शेवटी हळूच म्हणाले, "हंस आहे, ताई. खराखुरा. आपल्याकडे येत नाही हो हा." मग बांधावर बसून त्यांनी डोळे पुसले. तासाभराने तो पक्षी उडून उरणच्या बाजूला गेला.

संध्याकाळी ते पत्र घेऊन सहीला आले. वर तारीख होती: १५ डिसेंबर, बुधवार. त्याच दिवशी मी शाळेला तापाची चिठ्ठी पाठवली होती. पत्रक छापलं जाणार, आणि मंडळाचे प्रमुख रावसाहेब हे दुर्गाबाईंचे दीर.

"बुधवार नको. आधीचा रविवार घाला ना," मी म्हणाले. "हंसाला वार कुठे कळतो?"

त्यांनी मान हलवली. "नोंदीत तारीख बदलत नाहीत, ताई."

"मग मी सही कशी करू? नोकरी जाईल माझी."

त्यांनी नवा कागद घेतला. १२ डिसेंबर, रविवार. मी सही केली.

जानेवारीत रावसाहेब स्वतः आले. जयप्रकाशांनी मलाही बोलावून घेतलं. चहा झाला.

"त्या रविवारी आम्ही अकरा जण जासईलाच होतो," रावसाहेब म्हणाले. "सकाळी सात ते दुपारी चार. आणि तुमचा हंस आम्हाला दिसला नाही! सरस्वती त्याच्यावर बसून फिरायला गेली होती काय?" बरोबरचे दोघे हसले. "वही दाखवा."

वहीत बुधवार होता.

"वहीत एक, पत्रात एक. बाई, सही तुमची आहे. कोणता वार होता?"

जयप्रकाशांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मी बशीतला सांडलेला चहा पाहत होते. 'बुधवार' एवढंच म्हणायचं होतं. "मला नक्की आठवत नाही," मी म्हणाले.

"ताईंना विचारू नका," जयप्रकाश म्हणाले. "त्यांनी माझ्या शब्दावर सही केली. चूक माझी आहे."

रावसाहेबांनी वही मिटून टेबलावर ठेवली. पुढच्या महिन्यात मंडळाने जयप्रकाशांचं नाव कमी केलं. खोटी नोंद केली म्हणून.

पुढे एकदा हिरामण बाजारात भेटला. सगळं ऐकून म्हणाला, "मना का नाय इचारला, बाय? आयतवारी ती टोपीवाली मानसा सारे मिठागरान फिरत व्हती. बदक तं सोमवारी आयला!" बंदरासाठी भराव पडला तेव्हा त्याचं मिठागर गेलं. मग तो कंटेनरच्या यार्डात पहारेकरी होता. रावसाहेब वारल्यावर पत्रकाने त्यांच्यावर आख्खा अंक काढला. आमचे हे जाऊन आता बारा वर्षं झाली, या विषयावर ते एकदाच बोलले होते, "सांगायला हवं होतंस." जयप्रकाशांनी दुर्बीण ज्याची त्याला परत केली. शहाऐंशीत रत्नागिरीला बदली मागून घेतली आणि तिथेच, निवृत्तीच्या आधी, हृदयविकाराने गेले. त्यांच्या बायकोला मी पत्र लिहिलं. त्यातही हे लिहिलं नाही.

मी त्या जूनमध्ये कायम झाले. सोसायटीत पेढे वाटले, जयप्रकाशांच्याही घरी गेले. त्यांनी पेढा घेतला. "अभिनंदन, ताई," म्हणाले, आणि ते मनापासून होतं.